स्प्रेड स्पेक्ट्रम : कल्पना जुनी, अडचण घड्याळाची

स्प्रेड स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ सिग्नल मुद्दाम रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवण्याचा, विषय निघाला की हॉलीवूडची अभिनेत्री हेडी लमार हिचे नाव हटकून येते. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी जून १९४१ मध्ये अर्ज केलेले पेटंट ११ ऑगस्ट १९४२ रोजी मंजूर झाले, हे खरेच आहे. पण तिथून थेट वायफायपर्यंत रेघ ओढायची, हे सांगायला सोपे असले तरी घडले तसे नाही. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचे पेटंट विलेम ब्रोएर्ट्जेस यांना १९३२ मध्येच मिळाले होते. कल्पनांची वानवा नव्हती. घोडे अडत होते ते पाठवणारा आणि घेणारा यांची घड्याळे एका ठोक्यावर ठेवण्यात.

तत्त्व असे. साधा रेडिओ माहितीला लागेल तेवढीच बँडविड्थ (फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याची रुंदी) वापरतो. इथे मुद्दाम कितीतरी पट जास्त वापरतात. एक तऱ्हा हॉपिंगची : ठरलेल्या क्रमाने एका चॅनलवरून दुसऱ्यावर उडी. दुसरी डायरेक्ट सिक्वेन्सची : प्रत्येक बिटला वेगवान कोडने गुणायचे. कोडच्या एका तुकड्याला चिप म्हणतात. रिसीव्हरने तोच कोड त्याच क्षणी पुन्हा गुणला की पसरलेला सिग्नल आवळून वर येतो आणि वाटेत घुसलेला अरुंद अडथळा त्याच गुणाकाराने पसरून क्षीण होतो. फायदा किती, तर चिपचा वेग भागिले बिटचा वेग. बिटमागे ११ चिप असतील तर ११ पट, म्हणजे १०.४ डेसिबल. मात्र कोड एका चिपने जरी सरकला, तरी हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

लमार-अँथील यांनी रेडिओने वळवायच्या टॉर्पेडोसाठी यावर काढलेला तोडगा यांत्रिक होता : आपोआप वाजणाऱ्या पियानोला असते तशी भोके पाडलेली कागदी पट्टी, ८८ ओळींपर्यंतची. दोन्हीकडे सारखीच पट्टी, एकाच वेळी सुरू करायची. पेटंटमधल्या नमुन्यात पाठवणाऱ्याकडे सात फ्रिक्वेन्सी आहेत आणि घेणाऱ्याकडे चारच. उरलेल्या तीन शत्रूला चकवण्यासाठी. अमेरिकी नौदलाने युद्धात हे वापरले नाही.

युद्धानंतर प्रयोगशाळांमध्ये जे चालले ते जास्त मोलाचे आहे. १९५० च्या सुमारास आयटीटी या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत मॉर्टिमर रोगॉफ यांनी ‘नॉइज व्हील’ बनवले. मॅनहॅटनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून १४४० क्रमांक निवडले, प्रत्येकाचे ठरावीक दोन अंक घेतले आणि पाव-पाव अंशावर तेवढी त्रिज्या आखून फिल्मची चकती तयार केली. मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या या चकतीतून प्रकाश गेला की फोटोसेलमधून गोंगाटासारखा सिग्नल निघे. पलीकडे हुबेहूब तशीच चकती, त्याच कोनात फिरती हवी. शिवाय सेकंदाला १५ फेऱ्या, म्हणजे कोडही सेकंदाला १५ वेळा तोच.

कोंडी फुटली ती शिफ्ट रजिस्टरने : बिटांची रांग दर ठोक्याला एक पायरी पुढे सरकवणारे आणि तोच कोड हवा तेव्हा पुन्हा काढून देणारे सर्किट. सॉलोमन गोलोंब यांनी त्यातून निघणाऱ्या क्रमांचे गणित पक्के केले. दहा पायऱ्यांच्या रजिस्टरमध्ये तिसऱ्या आणि दहाव्या पायरीचे एक्स-ऑर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०) करून पहिल्या पायरीत परत घातले, तर १०२३ चिपनंतरच क्रम पुन्हा येतो. सुरुवातीला सगळ्या पायऱ्यांत शून्य मात्र नको. मग ते शून्यातच अडकून बसते. रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये अशा दोन क्रमांच्या बेरजेतून एकमेकांत फारसे न मिसळणारे कोडसंच मिळवून दाखवले. जीपीएसचा नागरी कोड याच जातीचा : १०२३ चिप, सेकंदाला १०.२३ लाख, दर मिलिसेकंदाला पुनरावृत्ती.

जमिनीवर पोहोचणारा हा सिग्नल रिसीव्हरच्या गोंगाटापेक्षा सुमारे ५० पट क्षीण असतो. तो शोधायचा म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चिपच्या २०४६ जागा आणि डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या गतीमुळे, सरकलेल्या फ्रिक्वेन्सीसाठी ५०० हर्ट्झच्या पायरीने २१ जागा, मिळून जवळपास ४३ हजार शक्यता. एकेक मिलिसेकंद देऊन ओळीने तपासल्या तर एका उपग्रहाला ४३ सेकंद. जुने रिसीव्हर सुरू होताना का ताटकळत ठेवायचे, ते यावरून कळावे. आजचे रिसीव्हर हे काम समांतर उरकतात.

मोबाईलमध्ये अडचण वेगळीच निघाली. सीडीएमए या मोबाईल पद्धतीत सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, पण वेगवेगळ्या कोडने बोलतात. टॉवरपासून १०० मीटरवरचा आणि २ किलोमीटरवरचा फोन सारख्याच ताकदीने बोलू लागले, तर शहरी परिस्थितीत टॉवरपाशी दोघांत ५० डेसिबलच्या आसपास फरक पडू शकतो. कोडचा फायदा जेमतेम २१ डेसिबल. लांबचा बुडालाच. म्हणून आयएस-९५ या सीडीएमए प्रणालीत टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा ‘ताकद वाढव’ किंवा ‘कमी कर’ असे सांगतो. इमारतींवरून आपटून येणारा प्रतिध्वनी मात्र इथे कामाला येतो : तो एका चिपपेक्षा, म्हणजे सुमारे २४४ मीटरपेक्षा, लांबच्या वाटेने आला तर रेक रिसीव्हर त्याला वेगळा ओळखून मूळ सिग्नलमध्ये मिळवतो. रेकची कल्पना प्राइस आणि ग्रीन यांनी १९५८ मध्ये मांडली होती. आपल्याकडे रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचे फोन याच तंत्रावर चालत.

तंत्र घरोघरी गेले ते मात्र एका सरकारी निर्णयाने. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने तिथलेच अभियंते मायकेल मार्कस यांच्या पाठपुराव्यानंतर मे १९८५ मध्ये ९०२, २४०० आणि ५७२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारे तीन पट्टे एक वॉटपर्यंत स्प्रेड स्पेक्ट्रमला विनापरवाना खुले केले. हे मायक्रोवेव्ह भट्टीसारख्या उपकरणांचे पट्टे. दुसरे कोणी त्यासाठी भांडत नव्हते. १९९७ चे पहिले वायफाय त्यातूनच आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

वायफायने पुढे वेगासाठी ओएफडीएम (माहिती अनेक अरुंद वाहकांवर वाटून पाठवण्याची पद्धत) धरले. ब्लूटूथ क्लासिक उड्याच मारते : ७९ चॅनल, सेकंदाला १६००, क्रम ठरतो मास्टरच्या (जोडणी चालवणाऱ्या उपकरणाच्या) पत्त्यावरून आणि घड्याळावरून. शेजारी वायफाय असले की यातली वीसेक चॅनल बिघडतात, १.२ आवृत्तीपासून ती वगळता येतात, पण किमान २० चालू ठेवावी लागतात.

शेतातल्या सेन्सरमध्ये दिसणारे लोरा हे रेडिओ तंत्र चर्प प्रकारचे : यात फ्रिक्वेन्सी सलग चढत किंवा उतरत जाते. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) स्वस्त क्रिस्टल, म्हणजे रेडिओचे घड्याळ, तिथे १७ किलोहर्ट्झने चुकतो. १२५ किलोहर्ट्झचा चर्प ते पचवतो. पण एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे पसरवण्याचे प्रमाण) १२ ला एक सिम्बॉल, म्हणजे एक चर्प, ३२.७७ मिलिसेकंदांचा असतो, आणि पॅकेट लांबल्यावर मध्येच क्रिस्टल तापून सरकला तर शेवटचे सिम्बॉल चुकतात. त्यासाठी ‘लो डेटा रेट ऑप्टिमायझेशन’ हे सेटिंग असते. १२५ किलोहर्ट्झवर एसएफ ११ आणि १२ ला ते दोन्ही टोकांना चालू हवे. एकाच बाजूला चालू असेल तर सिग्नल व्यवस्थित दिसतो, पॅकेट मात्र सीआरसीत (चूक पकडणाऱ्या तपासणीत) नापास होत राहते.