समुद्रावरची वाट आणि इंडक्शनची शेगडी

"आता उपग्रह सगळं वरून बघतात, मग ध्रुवाकडच्या लोकांना बर्फाची काय काळजी?" परवा एका व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलेला हा प्रश्न डोक्यातून जाईना. उपग्रहाला बर्फाचा पसारा दिसतो, पण तुमच्या पायाखालचा बर्फ एक वीत आहे की चार, हे त्याला नेमकं सांगता येत नाही. जीव वाचतो तो मात्र याच आकड्यावर.

कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर नेन नावाचं, इन्युइट या उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांचं गाव आहे. तिथे जायला रस्ता नाही. हिवाळ्यात समुद्र गोठला की तोच रस्ता. शिकार, सरपण, शेजारच्या गावचे नातेवाईक, सगळं त्या वाटेवर. 2009-10 चा हिवाळा इतका उबदार गेला की पिढ्यान् पिढ्यांच्या वाटाही भरवशाच्या उरल्या नाहीत. त्यातूनच मेमोरियल विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ ट्रेव्हर बेल आणि स्थानिक इन्युइट यांनी मिळून 'स्मार्टआइस' हा बर्फाची जाडी मोजण्याचा उपक्रम उभा केला.

बर्फ फसवतो कसा? समुद्राचं पाणी साधारण −1.8 अंशाला गोठतं आणि बर्फ खालून जाड होत जातो. त्यासाठी पाण्यातली उष्णता वर निसटावी लागते. बर्फ कोवळा असतानाच त्यावर भुसभुशीत हिम पडलं, की ती गोधडीच होते. हिमातून उष्णता बर्फापेक्षा कितीतरी हळू जाते. मग हवा −25 असली तरी खालचा थर जेमतेमच वाढतो, आणि वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं.

आता माझ्या आवडीचा भाग. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारीमागे ओढायच्या घसरगाडीला इन्युइट कामुटिक म्हणतात. तिच्यावर बर्फाची जाडी शोधणारं एक उपकरण बसवलेलं असतं, आणि त्याचं तत्त्व तुमच्या ओट्यावरच्या इंडक्शन शेगडीचंच आहे. शेगडीतल्या कॉइलमधून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. ते वरची काच सहज ओलांडतं आणि भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं. इथे बर्फ म्हणजे काच आणि खारं पाणी म्हणजे भांड्याचं बूड. गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकलं जातं, म्हणून बर्फातून वीज फारशी वाहत नाही. पाण्यातून मात्र सहज वाहते. पाण्यातले हे भोवरे स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उलट वर पाठवतात आणि दुसरी कॉइल ते टिपते. मूळ क्षेत्र त्याच्यापुढे प्रचंड असतं, म्हणून त्याच्या तालापेक्षा पाव आवर्तनाने सरकलेला भाग वेगळा काढून मोजतात. पाणी जितकं लांब, तितका हा प्रतिसाद दुबळा. त्यावरून गाडीपासून पाण्यापर्यंतचं अंतर निघतं, तेही एकही भोक न पाडता, चालत्या गाडीवर!

पण या अंतरात बर्फ किती आणि हिम किती, हे कळत नाही. त्यासाठी बर्फात रोवलेला खांब असतो, त्यावर तापमापकांची माळ. वरून खाली जाताना हिमाच्या थरात तापमान भरभर बदलतं, बर्फात सावकाश, पाण्यात जवळपास स्थिर. या तापमानांच्या आलेखाची रेषा जिथे वळते, तिथे थर बदलला. नेनमधले इन्युइट तरुण ही उपकरणं स्वतः जोडतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'यंत्र आलं, आता जाणत्यांची गरज काय' ही भाषा मला मुळीच पटत नाही. गाडी कोणत्या वाटेने न्यायची, कुठल्या खाडीच्या तोंडाशी प्रवाह बर्फ खालून कुरतडतो, हे गावातली वडीलधारी मंडळीच सांगतात. कॅनडातल्याच बॅफिन बेटाच्या उत्तर भागातल्या पाँड इनलेट गावातही हीच पद्धत. या मोजमापांचा नकाशा हातात आल्यावरही शिकारी शंका आली की गाडी थांबवतो, उतरतो, आणि टोकदार दांडा बर्फावर जोरात आपटून बघतो.