जिना हाऊस नेमकं कुणाचं? जुन्या भांडणाची पार्श्वभूमी
मलबार हिलला माउंट प्लेझंट रोडवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा'च्या जवळच हा बंगला आहे, पण झाडी इतकी की रस्त्यावरून धड दिसतही नाही. मूळ नाव साउथ कोर्ट. पाकिस्तानचे संस्थापक मोहम्मद अली जिना यांनी १९३६ च्या सुमारास एका ब्रिटिश आर्किटेक्टकडून बांधून घेतलेला, खर्च तेव्हाचे साधारण दोन लाख, जागा अडीच एकर, इटालियन संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाचं काम, समोर समुद्र. सप्टेंबर १९४४ मधली गांधी-जिनांची ती गाजलेली आणि फसलेली बोलणी इथेच झाली.

खरा गुंता फाळणीनंतरचा. जिना ऑगस्ट १९४७ मध्ये कराचीला गेले पण बंगल्यावरचा जीव काही सुटला नाही, भाड्याने द्यायचाच तर एखाद्या युरोपियन कुटुंबाला द्या असा त्यांचा निरोप होता म्हणतात. सप्टेंबर १९४८ मध्ये ते वारले. आता टीव्हीवर सर्रास 'शत्रू मालमत्ता' म्हणतात ना, ते चूक आहे. तो कायदा १९६८ चा, चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांनंतरचा. हा बंगला गेला 'इव्हॅक्युई प्रॉपर्टी' म्हणून, म्हणजे १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे जो देश सोडून गेला त्याची मालमत्ता कस्टोडियनच्या, म्हणजे सरकारी राखणदाराच्या ताब्यात, असा तो हिशोब. पण इव्हॅक्युई नक्की कोण? सरकारचं म्हणणं, जिनांनी १९३९ च्या मृत्युपत्रात घर बहिणीला, फातिमाला दिलंय, बहीण पाकिस्तानात गेली, विषय संपला. जिनांची मुलगी दीना वाडिया मात्र पाकिस्तानात राहायला गेलीच नव्हती. तिने २००७ मध्ये हायकोर्टात धाव घेतली, मुद्दा असा की जिनांच्या खोजा समाजाला वारशाच्या बाबतीत हिंदू कायद्याची रूढी लागू होती, सबब एकुलती एक मुलगी म्हणून वारस मीच. मला विचाराल तर यात दम होता, निदान झटकून टाकण्यासारखं तरी नव्हतं. पण इतक्या वर्षांनी कोर्टात गेल्यावर सरकारला 'उशीर झाला' म्हणायला आयतंच मिळालं. २०१७ मध्ये ती वारली, दावा पुढे तिच्या मुलाने, नुस्ली वाडियाने चालवला.

मधली बरीच वर्षं, म्हणजे ८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, बंगला ब्रिटिश डेप्युटी हायकमिशनकडे भाड्याने होता. ते गेल्यावर पाकिस्तानला तिथे कॉन्सुलेट हवं होतं, आपण दिलं नाही, आणि मग घर नुसतंच पडून राहिलं. २०१७ मध्ये एका स्थानिक आमदाराने पाडून सांस्कृतिक केंद्र करा अशी मागणी केली (अहो, असं काम आता कोण करून देणार, पाडायचं काय!). पाडापाडी काही झाली नाही. २०१८ च्या शेवटी बंगला परराष्ट्र खात्याच्या नावावर करायची प्रक्रिया सुरू झाली, दिल्लीच्या हैदराबाद हाऊससारखा पाहुण्यांसाठी वापरायचा म्हणून. पाकिस्ताननेही लगेच आपला हक्क सांगून घेतला.