कॉलेजच्या गच्चीवर सौर प्रकल्प: नेट मीटरिंगसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

नॅक या महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या निकषांतल्या पर्यायी ऊर्जेच्या मुद्द्यावर चर्चा सुरू झाली की बैठकीत पहिला प्रश्न हमखास एकच असतो: पॅनेल कुणाकडून घ्यायचे? हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. पॅनेल बसवणारे भरपूर आहेत आणि त्यांचं काम दोन-चार आठवड्यांत उरकतं. नेट मीटरिंगची, म्हणजे जास्तीची सौर वीज वीज कंपनीच्या जाळ्याला (ग्रिडला) देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीची, फाइल अडते ती वीजबिलावरचं नाव, मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेली कमाल क्षमता) आणि इमारतीची मालकी या तीन गोष्टींपाशी. त्या आधी निस्तरल्या तर बाकीची प्रक्रिया बरीच सरळ आहे. खालची माहिती मुख्यतः महावितरणच्या हद्दीतल्या महाविद्यालयांसाठी आणि विद्यापीठांसाठी आहे.

कोण पात्र

महाराष्ट्रात याचा आधार म्हणजे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे छतावरील अपारंपरिक ऊर्जेबाबतचे विनियम. वीज कंपनीचा कोणताही ग्राहक अर्ज करू शकतो. त्यामुळे सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वायत्त अशा सगळ्या संस्था यात बसतात. मुख्य अट क्षमतेची आहे. लघुदाब जोडणी असेल तर प्रकल्प मंजूर भारापेक्षा मोठा नको आणि उच्चदाब (मोठ्या ग्राहकांची जास्त व्होल्टेजची जोडणी) असेल तर करार मागणीपेक्षा, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेल्या कमाल मागणीपेक्षा, मोठा नको.

समजा, एका कॉलेजचा मंजूर भार ४० किलोवॅट आहे आणि महिन्याला साधारण ३,५०० युनिट जळतात. आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे ३० किलोवॅटचा प्रकल्प महिन्याला ३,६०० युनिटपर्यंत देईल आणि काम भागेल. जागा लागेल किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली आणि मोबाइल टॉवर वगळून मोजा. विक्रेता ६० किलोवॅटचा आग्रह धरू लागला तर आधी भार वाढवून घ्यावा लागेल आणि त्याबरोबर स्थिर किंवा मागणी आकारही (वापरलेल्या युनिटपेक्षा वेगळी, दरमहा लागणारी रक्कम) वाढेल. गरज नसताना त्या भानगडीत पडू नये.

आवारात वसतिगृह, कॅन्टीन, ग्रंथालय यांचे वेगवेगळे मीटर असतील तर एक अर्ज एका ग्राहक क्रमांकासाठीच असतो. साध्या नेट मीटरिंगमध्ये मुख्य इमारतीच्या मीटरवर जोडलेल्या प्रकल्पाने वसतिगृहाचं बिल उतरत नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त वापर कोणत्या मीटरवर आहे ते बारा महिन्यांची बिलं मांडून आधी बघा.

आणि हो, अनुदान. पीएम सूर्यघर योजनेतलं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. कॉलेजची जोडणी 'सार्वजनिक सेवा' या वर्गवारीत येते, तिला ते मिळत नाही. कोटेशनमध्ये ती रक्कम वजा करून दाखवली असेल तर ते कोटेशन बाजूला ठेवलेलं बरं.

आधी निस्तरायच्या गोष्टी

नावापासून सुरुवात करू. जुन्या महाविद्यालयांची वीजबिलं पाहिली तर ग्राहकाच्या रकान्यात 'प्राचार्य, कला व वाणिज्य महाविद्यालय' असं असतं, क्वचित एखाद्या दिवंगत चिटणीसांचं नावही सापडतं. पॅनकार्ड मात्र संस्थेच्या नावावर, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी तिसऱ्याच लांबलचक नावाने आणि कर पावतीवर 'एज्युकेशन' शब्द गाळलेला. करार ज्याच्या नावाने व्हायचा तो आणि बिलावरचा ग्राहक एकच हवा. म्हणून सौर अर्जाच्या आधी नावबदलाचा अर्ज करावा. तो स्वतंत्र अर्ज आहे. दोन्ही एकदम टाकले की पहिला निकाली निघेपर्यंत दुसरा लटकतो आणि मग पोर्टलवर 'त्रुटी' एवढंच दिसत राहतं. थकबाकी किंवा वादातलं बिल असेल तर तेही आताच मिटवा.

इमारत संस्थेच्या मालकीची असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि कर पावती पुरते. भाडेपट्ट्याची जागा असेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं आणि पट्ट्याची उरलेली मुदतही पाहावी लागते. सरकारी महाविद्यालयांना सार्वजनिक बांधकाम विभागाला बाजूला ठेवून गच्चीवर काही उभारता येत नाही, त्यांचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं. विद्यापीठांत हा विषय वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषदेतून जातो. संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समितीची शिफारस आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: प्रकल्पाची क्षमता, ग्राहक क्रमांक आणि सही करण्याचे अधिकार कुणाला. 'सौरऊर्जा बसवण्यास मंजुरी देण्यात येत आहे' एवढ्या एका ओळीच्या ठरावावर पुढे कुणी सही करायला धजत नाही.

गच्चीवर सावली टाकणारं झाड आडवं येत असेल तर माळ्याला सांगून फांद्या उडवू नका. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय हरित परिसराच्या नावाखाली झाड तोडणं शोभतही नाही. पॅनेलची जागा बदला.

कागदपत्रं

अर्जाच्या वेळी लागतात ती अशी: चालू वीजबिल, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅनकार्ड, मालकीचा पुरावा, ठरावाची प्रत, अधिकृत सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि प्रकल्पाची प्राथमिक तांत्रिक माहिती.

काम झाल्यावर दुसरा गठ्ठा लागतो. त्यात एकरेषीय विद्युत आराखडा, पॅनेल आणि इन्व्हर्टरची चाचणी प्रमाणपत्रं, अर्थिंगचा अहवाल, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि क्षमतेनुसार विद्युत निरीक्षकांची मंजुरी असते. पॅनेल केंद्राच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीतले आहेत ना, हे खरेदी आदेशातच लिहून घ्या. यादीबाहेरचे पॅनेल स्वस्त पडतात, पण नेट मीटरिंगच्या टप्प्यावर अडकतात.

इमारत जुनी असेल तर कुणी मागो न मागो, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्याच. वादळी वाऱ्यात पॅनेलखाली हवा शिरून सांगाड्यावर जो ताण येतो, तो जुन्या गच्चीच्या कठड्याला झेपेलच असं नाही.

अर्जाची वाट

महावितरणच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज भरायचा आणि क्षमतेनुसार शुल्क भरायचं. मग वीज कंपनी तांत्रिक व्यवहार्यता तपासते. रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आधीच किती सौर क्षमता जोडली आहे, तारा आणि मीटर पेटी पुरेशी आहे का, वगैरे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना ही तपासणीच नाही, ते स्वीकारले असं धरलं जातं. त्यावरच्या प्रकल्पांसाठी १५ दिवसांची मुदत आहे आणि त्यात उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं. अर्ज भरल्याची पावती आणि तारीख म्हणूनच जपून ठेवा.

व्यवहार्यतेचं पत्र हातात आल्याशिवाय सांगाडा उभारू नये. त्या पत्रावर मुदत असते, तीही पाहावी. काम झालं की पूर्णत्वाचा अहवाल आणि विहित नमुन्यातला नेट मीटरिंग करार द्यायचा. त्यानंतर मीटर बदलून प्रकल्प सुरू करून देण्यासाठी केंद्राच्या याच नियमांत पुन्हा १५ दिवस आहेत.

पैसे नसतील तर दुसरी सोय म्हणजे रेस्को. प्रकल्प कंपनीचा, गच्ची तुमची आणि वीज ठरलेल्या दराने विकत घ्यायची. अर्ज तरीही तुमच्याच नावाने होतो. हे करार बहुधा १५ ते २५ वर्षांचे असतात. मध्येच गच्चीवर मजला चढवायचा झाला किंवा वॉटरप्रूफिंग करायचं झालं तर पॅनेल कोण हलवणार आणि खर्च कुणाचा, हे कलम नसेल तर सही करू नका.

बिलात काय होतं

तुम्ही ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा होते. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला, हिशेब मिटवला जातो. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण आयोगाने ठरवलेल्या दराने. तुम्ही वीज घेता त्या दराने नव्हे. कॉलेजांना यात एक आयता फायदा आहे. ऊन सर्वांत कडक आणि वर्ग रिकामे असा मे महिना आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच येतो. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत साठलेले युनिट जून ते मार्चमध्ये वापरून संपतात. म्हणून क्षमता ठरवताना मेचं बिल बघून घाबरू नका, वर्षाचा एकूण वापर धरा.

मागणी आकार मात्र कमी होत नाही. उच्चदाब ग्राहकांना आणखी एक धक्का बसतो. एप्रिल २०२० पासून त्यांचं बिल केव्हीएएच पद्धतीने येतं, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेबरोबर रिॲक्टिव्ह वीजही (मोटर, चोक यांना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) हिशेबात येते. सौर इन्व्हर्टर नुसते किलोवॅट देत राहिला आणि पंप, एसी, जुन्या ट्यूबलाइट रिॲक्टिव्ह वीज ग्रिडकडूनच ओढत राहिल्या तर मीटरवरचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचं प्रमाण) घसरतो आणि अपेक्षित बचत दिसत नाही. इन्व्हर्टरचं सेटिंग आणि कपॅसिटर पॅनल सुरुवातीलाच तपासून घ्या. हे काम विक्रेत्याच्या यादीत बहुतेक वेळा नसतं.

वीज गेली की साधा ग्रिडला जोडलेला प्रकल्पही बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी रचना आहे. परीक्षेच्या काळात जनरेटर मोडीत काढायला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नॅकसाठी पॅनेलचे फोटो सगळेच जोडतात. त्यापेक्षा व्यवहार्यतेचं पत्र, करार आणि आयात-निर्यात युनिट दाखवणारी बिलं यांना वजन जास्त. तीच फाइल ऊर्जा लेखापरीक्षणालाही चालते.

मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी इलेक्ट्रिसिटीचे ग्राहक असाल तर आयोगाचे विनियम हेच, पोर्टल तेवढं वेगळं. गोव्यात मात्र वीज खात्याकडे अर्ज करायचा आणि तिथे संयुक्त वीज नियामक आयोगाचे नियम चालतात. महाराष्ट्रात मुदत उलटूनही मीटर बसला नाही तर आधी विभागीय कार्यालयात लेखी तक्रार, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि मंचाच्या निर्णयानंतर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही. पावतीवरची तारीख आणि पाठपुराव्याची पत्रं मात्र लागतात.