युद्धकाळातील अमेरिकी चित्रपटांचा गल्ला : एक खुलासा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमुक अमेरिकी चित्रपटाने इतके दशलक्ष डॉलर कमावले, असे आकडे वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि ते तिकीटविक्रीचे आहेत असे सर्रास समजले जाते. तो समज चुकीचा आहे. ‘व्हरायटी’ या व्यवसाय-साप्ताहिकाच्या याद्यांतून आलेल्या त्या रकमा बहुतांशी वितरकाच्या वाट्याच्या, म्हणजे चित्रपटगृहांनी कंपनीला दिलेल्या भाड्याच्या आहेत, आणि त्याही पुष्कळदा अंदाजाने मांडलेल्या. दर आठवड्याला छापला जाणारा खिडकीवरचा गल्ला प्रामुख्याने मोठ्या शहरांतील पहिल्या फेरीच्या चित्रपटगृहांपुरता असे. उपनगरांत आणि लहान गावांत तोच चित्रपट पुढे केव्हातरी, स्वस्त तिकिटात लागे.

मग भाड्याला ठरावीक संख्येने गुणून एकूण विक्री काढावी, तर तेही जमत नाही, कारण मोठ्या चित्रपटांचे भाडे उत्पन्नाच्या टक्केवारीने, तर दुय्यम चित्रपटांचे बहुधा ठोक रकमेने ठरे. त्यातच एप्रिल १९४४ पासून तिकिटावरील केंद्रीय कर १० वरून २० टक्क्यांवर गेला. शिवाय पॅरामाउंट, वॉर्नर यांच्यासारख्या पाच बड्या कंपन्यांच्या स्वतःच्या चित्रपटगृह-साखळ्या होत्या. तेथे भाडे म्हणजे या खिशातून त्या खिशात.