पार्श्वभूमी: पिशवी काढल्यावर पुढचं कोण विचारतं?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीचा विषय निघाला की दोन आकडे हमखास सांगितले जातात. 2019 च्या जून-जुलैमधल्या पाहणीत 82,309 बायांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण महाराष्ट्रात शंभरात तिनाच्याही आत होतं. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे धरलं तरी फरक डोळ्यांत भरतो. विधान परिषदेत प्रश्न आले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड हे नाव देशभर त्या एका कारणानं गाजलं.

त्याच पाहणीत तिसरा आकडा होता, 6,314. पिशवी काढलेल्यांपैकी इतक्या जणींनी, म्हणजे 45 टक्क्यांहून थोड्या जास्त बायांनी, आपल्याला होणारा त्रास सांगितला. झोप लागत नाही, मन उदास होतं, सांधे दुखतात, पाठ-कंबर धरते. हा आकडा चर्चेत मागे पडला. पिशव्या कुणी काढल्या, कशापायी काढल्या, पैसे कुणाच्या खिशात गेले, हे प्रश्न तातडीचे होते हे खरंच. पण उपचार झाल्यावर माणूस जगतो कसा, याचं मोजमाप करणारं एक अख्खं शास्त्र गेल्या शंभरेक वर्षांत उभं राहिलं आहे. ते कसं उभं राहिलं हे पाहिलं की 6,314 हा आकडा काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, ते कळतं.

सुरुवात एका भांडकुदळ सर्जनपासून करावी लागते. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन म्हणत, ऑपरेशन केलेल्या प्रत्येक रुग्णाला निदान वर्षभरानं गाठा आणि तो बरा आहे का, नसेल तर का नाही, हे कार्डावर लिहा. आज हे इतकं साधं वाटतं की यात भांडण्यासारखं काय, असा प्रश्न पडावा. पण 1914 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली जागा सोडली, कारण तिथं बढती मिळायची ती सेवाज्येष्ठतेवर, रुग्णांचं पुढे काय झालं यावर नाही. त्याआधीच, 1911 मध्ये, त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. 1911 ते 1916 या काळातले 337 रुग्ण आणि उपचारातल्या 123 चुका त्यांनी स्वतः छापून जाहीर केल्या. सहकाऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. आपल्याकडे आजही 'ऑपरेशन सक्सेसफुल' हे टाके घालून झाल्याबरोबर जाहीर होतं. कॉडमनच्या हिशेबानं त्या दिवशी निकाल लागलेलाच नसतो.

1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची घटना लागू झाली आणि आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, अशी व्याख्या आली. व्याख्या भव्य होती. मोजायचं कसं, हे तिनं सांगितलं नाही. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड हे औषध वापरून पाहत होते. गाठ लहान झाली, पण माणूस खाटेलाच खिळून राहिला, तर उपयोग काय? म्हणून त्यांनी 100 ते 0 अशी पट्टी केली. 100 म्हणजे काही तक्रार नाही, 50 म्हणजे बराच आधार आणि वरचेवर वैद्यकीय मदत लागते, 0 म्हणजे मृत्यू. ही पट्टी कॅन्सरच्या वॉर्डांत आजही वापरात आहे. तिच्यात एक मोठी खोट होती: गुण डॉक्टर देत.

रुग्णालाच विचारायचं, हे रुजायला 1976 उजाडलं. इंग्लंडमध्ये प्रीस्टमन आणि बॉम यांनी स्तनाच्या वाढलेल्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायांना कागदावर रेघ आखून दिली आणि तुमची तब्येत या रेघेवर कुठे आहे तिथे खूण करा, असं सांगितलं. पुढे 1988 मध्ये लंडनच्या एका अभ्यासानं डॉक्टरांनी लावलेला अंदाज आणि रुग्णांनी स्वतः दिलेलं उत्तर शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही जुळले नाहीत. मग वाद फारसा उरला नाही.

1990 चं दशक प्रश्नावल्यांचं. कॅन्सरसाठी 30 प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली, पाच प्रश्नांची 'ईक्यू-फाइव्ह-डी', आणि सगळ्यांत जास्त वापरली गेलेली 'एसएफ-36'. या शेवटच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं, यांत तुम्हाला अडचण येते का? गोल्फ! केज किंवा धारूर तालुक्यातल्या बाईला हे विचारायचं तर आधी गोल्फ म्हणजे काय यावर दुपार जाईल. आपल्याकडे वापरताना हे शब्द बदलतात, पण नुसते शब्द बदलून भागत नाही. तिच्या कामाची खरी कसोटी वेगळी आहे. पहाटे अंधारात फडात उतरणं, दिवसभर वाकून कोयता चालवणं, मोळी बांधून डोक्यावर घेणं आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून ती वर चढवणं. बाई ती फळी चढू शकते का, हा एक प्रश्न छत्तीस प्रश्नांना भारी आहे.

ही अडचण जागतिक आरोग्य संघटनेच्या लक्षात आली होती. 1991 पासून जगातल्या पंधरा केंद्रांनी एकाच वेळी, आपापल्या भाषेत, लोकांशी बोलून प्रश्न तयार केले. दिल्ली आणि चेन्नई ही भारतातली दोन केंद्रं त्यात होती. त्यातून 100 प्रश्नांची आणि पुढे 26 प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती असे तिचे चार भाग आहेत. पैसा पुरतो का, राहती जागा कशी आहे, दवाखाना जवळ आहे का, हेही त्यात येतं. माझ्या मते आपल्या भागासाठी यातल्या त्यात हीच बरी. तरी तीही गेल्या दोन आठवड्यांपुरतं विचारते. ज्या घराचं वर्ष उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेण्यापासून सुरू होतं आणि ती फिटते की नाही यावर संपतं, त्याला दोन आठवडे फार तोकडे.

गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेला या मोजपट्ट्या लावल्या तेव्हा काय दिसलं? उत्तर सरळ नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्सर सोडून इतर कारणांनी पिशवी काढलेल्या 418 बायांचा वर्षभर पाठपुरावा झाला. बहुतेकींचा रक्तस्राव, दुखणं, थकवा बराच कमी झाला. थोड्या जणींना मात्र अंगातून वाफा निघणं, वजन वाढणं, उदासी असे नवे त्रास सुरू झाले. म्हणजे गरज असताना ही शस्त्रक्रिया बाईला सुखाचे दिवस दाखवते, हे मान्य करायला हवं. बीडच्या बातम्यांनंतर पिशवी काढणं हे सरसकट पापच, असा जो सूर लागला, तो खऱ्या गरजू बाईवर अन्याय करणारा आहे.

फिनलंडचा अभ्यास आणखी बोलका. पाळीत फार रक्त जाणाऱ्या, 35 ते 49 वयाच्या 236 बायांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची पिशवी काढायची, दुसऱ्या गटाला तांबीसारखंच पण हार्मोन सोडणारं साधन बसवायचं. 2001 मध्ये वर्षभराचे निकाल आले. दोन्ही गटांतल्या बायांचं जगणं सारखंच सुधारलं होतं, आणि साधनाचा खर्च शस्त्रक्रियेच्या साधारण तिसरा हिस्सा होता. पाच वर्षांनी पाहिलं तर साधन बसवलेल्यांपैकी 42 टक्के बायांनी शेवटी पिशवी काढून घेतली होती. उरलेल्या निम्म्याहून जास्त जणींची शस्त्रक्रिया टळली, जगण्यात काही उणं न येता.

आता बीडचा आकडा पुन्हा पाहू. 6,314 बायांना त्रास आहे, पण तो पिशवी काढल्यामुळेच आहे का? पाठ, कंबर, सांधे हे तर पिशवी शाबूत असलेल्या ऊसतोड बाईचेही दुखतात. त्रास आधीपासून होता, नंतर आला की वाढला, हे कळायला आधी विचारलेलं लागतं आणि पिशवी न काढलेल्या त्याच टोळीतल्या बाया तुलनेला लागतात. उरलेल्या 7,547 जणींनी तक्रार सांगितली नाही, म्हणजे त्या बऱ्या आहेत असंही नाही. सासू शेजारी बसलेली, विचारणारा सरकारी माणूस, आणि उद्या मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, कानावर गेलं तर? 'बरंय की' म्हणून मोकळं होणं सोपं. शिवाय अंडाशयही काढले की नाहीत, हे कितीतरी बायांना ठाऊक नसतं. ते ऐन चाळिशीच्या आत काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ होण्यापासून हृदयविकारापर्यंत. ते राहिले तरी पाळी जाण्याची वेळ काही वर्षं अलीकडे येऊ शकते. कागद हातात नसेल तर हा भेद प्रश्नावलीतून निघणार नाही.

मनाच्या दुखण्याचं मोजमाप तर आणखी उशिरा सुधारलं. 1952 मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी, मानसोपचार घेतला न घेतला तरी तितकेच लोक बरे होतात, असा बाँब टाकला आणि बरं होणं म्हणजे काय यावर पंचवीस वर्षं वाद चालला. आपल्याला जवळचा धागा गोव्याचा. तिथं मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून पाहिले. 2017 मध्ये निकाल छापला. उदासीबरोबरच कामाचे किती दिवस बुडाले, हेही त्यांनी मोजलं. बीडमध्ये कामाच्या बुडालेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबातून कापले जातात. पाळीच्या दिवसांचा खाडा नको, हे पिशवी काढण्यामागचं एक कारण बाया स्वतः सांगत आल्या आहेत. मग शस्त्रक्रियेनंतर खाडे कमी झाले की कंबरेपायी वाढले, ही तुलना व्हायलाच हवी.

मराठवाड्यात असा लांबचा पाठपुरावा जमणार नाही, हे म्हणणं मला पटत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तो झालेला आहे. 1999 पासून 52 गावगटांतल्या, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासात घेतलं गेलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे काम. आठ वर्षं गावोगाव पाठपुरावा झाला. एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या विषाणूच्या, एकाच चाचणीनं मृत्यू निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये जगाला कळलं ते धाराशिवच्या बायांमुळे. तपासणी न केलेला गट ठेवण्यावरून त्या अभ्यासावर टीकाही झाली. पण बाई सापडते, आठ वर्षांनीही सापडते, हे त्यानं दाखवून दिलं.

बीडचा विषय गाजल्यावर नियम आले. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. 2022 मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आल्या. या सगळ्याचा भर शस्त्रक्रिया होण्याआधीच्या तपासावर आहे.

नंतरचं विचारायचं ठरलंच, तर पहिली अडचण पंचांगाची येईल. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, पाच-सहा महिने काढून परततात. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झालेल्या बाईचा सहा महिन्यांचा पाठपुरावा नेमका फडात येतो. हिवाळ्यात गावात जाऊन घरोघर विचारलं तर भेटतील त्या न जाऊ शकलेल्या, आजारी आणि म्हाताऱ्या बाया, आणि त्रासाचा आकडा फुगेल. नुसतं कोप्यांवर जाऊन विचारलं तर भेटतील कोयता चालवू शकणाऱ्याच, आणि तो घटेल. 2019 ची पाहणी जून-जुलैमध्ये, टोळ्या गावी असताना झाली, हे त्या दृष्टीनं योग्यच झालं. मोजायचं तर तीच बाई हंगामाआधी एकदा आणि हंगामानंतर एकदा गाठायला हवी, आणि विचारायला तिच्या ओळखीची आशाताई हवी.