क्रॉसच्या पाठीवरची तारीख

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे शौर्यासाठीचे सर्वोच्च लष्करी पदक उलटून पाहिले, तर मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीच्या मागे सैनिकाचा हुद्दा, नाव व पलटण कोरलेली दिसते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे यांच्या बाबतीत ही तारीख १० जुलै १९४४ आहे, आणि त्यांच्या मृत्यूची तारीखही तीच.

हा सन्मान त्यांना मिळण्यापूर्वी दोन नियम बदलावे लागले होते. १८५६ मध्ये हे पदक सुरू झाले, तेव्हा ते हिंदी शिपायांना खुले नव्हते. त्यांच्यासाठी कंपनी सरकारने १८३७ मध्ये काढलेले वेगळे पदक होते, आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा दरवाजा उघडला तो १९११ मध्ये. मूळ सनदेत मरणोत्तर सन्मानाचीही तरतूद नव्हती. ती रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली.

घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. (नाईक हा येथे हुद्दा आहे, आडनाव नव्हे, ही गल्लत आपल्याकडे सहज होते.) दुसऱ्या महायुद्धात इटलीत ४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडल्यावर जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे हटत होते, आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील टेकड्या एकेक करून जिंकाव्या लागत होत्या. अशाच एका ठाण्यावरील हल्ल्यात मशिनगनच्या जवळून झालेल्या माऱ्याने घाडगे यांच्या सेक्शनमधील, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या लहान तुकडीतील, सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. सोबत येण्यास कोणीही उरलेले नाही, हे माहीत असूनही ते एकटेच धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले आणि मॅगझिन बदलण्यास उसंत नसल्याने, तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात ते कोसळले. वय अवघे बावीस. नोव्हेंबर १९४४ मध्ये राजपत्रात सन्मान जाहीर झाला.

त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी इटलीतच, सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते वाचले, त्यांच्या क्रॉसवरची तारीख आणि मृत्यूची तारीख यांत एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे.