थंडरबर्ड आणि कॉर्व्हेट : तुलनेमागचा गुंता

फोर्डची थंडरबर्ड आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेट या दोन अमेरिकन गाड्या शेजारी उभ्या केल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोघींत सरस कोण? पण त्या एकाच शर्यतीत होत्या का, इथूनच वाद सुरू होतो.

कॉर्व्हेट आधीची. १९५३ मध्ये ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. फायबरग्लासची बॉडी दिसायला तडफदार. बॉनेटखाली मात्र सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक. दाराला बाहेरून मूठच नव्हती. काचांच्या जागी खोचायचे पडदे. ते लावलेले असले तर फटीतून हात घालून आतली कडी ओढायची, मग दार उघडणार. पावसात सापडलेल्या गिऱ्हाइकाने काय म्हटलं असेल ते छापण्याजोगं नसावं. १९५५ मध्ये जेमतेम ७०० बनल्या.

त्याच मॉडेल-वर्षी थंडरबर्ड आली: पत्र्याची बॉडी, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, खालीवर होणाऱ्या काचा. १६,१५५ गाड्या निघाल्या. पण फोर्ड तिला स्पोर्ट्स कार म्हणत नव्हती, ‘पर्सनल कार’ म्हणत होती. सगळा घोळ या शब्दाचा. स्पोर्ट्स कार म्हटलं की तेव्हाच्या अमेरिकन शौकिनाला एमजी-जॅग्वारसारख्या ब्रिटिश गाड्या आठवायच्या, हाताने टाकायचे गिअर आठवायचे. पर्सनल कार म्हणजे दोघांपुरती, ऐटीची, आरामशीर. १९५६ मध्ये फोर्डने काय सुधारलं ते पाहा: डिकीत सामान मावेना म्हणून स्टेपनी बाहेर, मागच्या बंपरपाशी टांगली. वजन मागे गेलं, गाडी वळवायला बिघडली, आणि पुढच्या वर्षी डिकी लांबवून स्टेपनी परत आत. ही चिंता बॅगांची आहे, शर्यतीची नाही. कॉर्व्हेटने मात्र १९५७ मध्ये इंधन इंजेक्शन घेऊन इंजिनाच्या २८३ घन इंचांतून २८३ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे घन इंचाला एक.

मग १९५८. थंडरबर्ड चार सीटची झाली, आणि जुने चाहते अजून याला घात म्हणतात. निर्णयामागे फोर्डचा जो अधिकारी होता, रॉबर्ट मॅक्नामारा, तो पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, त्यामुळे शिव्या द्यायला माणूसही सोयीचा. आकडे मात्र त्याच्या बाजूने आहेत. १९५७ च्या २१,३८० गाड्या, त्याही नवं मॉडेल लांबल्याने उत्पादन डिसेंबरपर्यंत चालू ठेवून. आणि मंदीच्या १९५८ मध्ये ३७,८९२. बायकामुलांना घेऊन बसता येणं हे ‘पर्सनल’ या शब्दात बसत होतंच. बसत नव्हतं ते ‘स्पोर्ट्स’मध्ये, आणि तो शब्द चाहत्यांनीच चिकटवला होता.

पुढे थंडरबर्ड फुगत गेली, मग आकसली, आणि १९९७ ला थांबली. २००२ मध्ये ती पुन्हा दोन सीटची होऊन आली, १९५६ च्या छतातली गोल खिडकीसुद्धा घेऊन, आणि २००५ मध्ये बंद पडली. कॉर्व्हेटचं इंजिन २०२० मध्ये सीटच्या मागे गेलं. सीट दोनच राहिल्या.